फिरतात म्हणून गोल? उलट आहे
वर कुणीतरी लिहिलंय की ग्रह स्वतःभोवती फिरतात म्हणून गोल होतात, ते नेमकं उलटं आहे बरं का. गोल करतं ते गुरुत्वाकर्षण, फिरण्याने झाला तर गोलपणा बिघडतोच. शनीच घ्या ना, साडेदहा तासांत एक गिरकी, त्यामुळे विषुववृत्ताशी व्यास साधारण १,२०,५०० किमी आणि ध्रुव ते ध्रुव मोजला तर १,०८,७००, छोट्या टेलिस्कोपमधूनही नीट बघितलं तर चपटा दिसतो (आपण कड्यांकडेच बघत बसतो ते सोडा). नेपच्यूनपलीकडचा हौमिया हा बटुग्रह तर चार तासांत फिरतो, तो पार लांबुळकाच झालाय.

मग लघुग्रह बटाट्यासारखे का, तर वस्तुमान कमी, खडक स्वतःच्या ताकदीवर आकार धरून ठेवतो, गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. पण अमुक किमी झालं की गोल असा एकच आकडा नाहीये, मटेरियल काय त्यावर पण आहे. शनीचा चंद्र मिमास बहुतेक बर्फच, जेमतेम ४०० किमी, तरी बऱ्यापैकी गोल, आणि व्हेस्टा हा लघुग्रह खडकाळ, सव्वापाचशे किमीचा असून वेडावाकडा, त्यात दक्षिणेला टक्कर होऊन मोठा लचका गेलेला.

डोंगरांचंही तेच, मंगळावर ओढ कमी म्हणून तिथला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २२ किमीपर्यंत चढू शकला, आपला एव्हरेस्ट नऊच्या आतच.