स्मार्ट स्पीकर घेतलात, पैसे वसूल झाले का?

घरात दोन पक्ष पडलेत. मुलीला स्मार्ट स्पीकर हवाय आणि मला ते फोन जे करतो तेच करणारं आणखी एक डबडं वाटतं. ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती. जाहिरातीत काय काय जमतं ते नको. ॲपमध्ये आपण बोललेल्या आज्ञांची यादी साठत असते, ती उघडा आणि गेल्या आठवड्यात खरोखर काय सांगितलंत ते बघून लिहा. धूळ खात पडला असेल तर तेही लिहा.

———

बघितली यादी. एकूण 41 आज्ञा, त्यातले 26 टायमर. बाकी हवामान, गजर, दोनदा 'माझा फोन शोध'. (फोनची रिंग वाजवतो तो, सायलेंटवर असला तर मात्र नेहमी जमेलच असं नाही.) पहिल्या महिन्यात विनोद, कोडी, प्राण्यांचे आवाज सगळं करून झालं, आता नाव काढत नाही कुणी. पण स्वयंपाकघरात हात ओले असताना तीन टायमर एकदम लावता येतात, प्रत्येकाला वेगळं नाव देऊन. फोनला ओला अंगठा कळत नाही. मिक्सर सुरू असला की मात्र ओरडावं लागतं. एवढ्याच कामाला सगळ्यात लहान मॉडेलही पुरलं असतं, मी उगाच मोठं घेतलं.

———

कपाटात आहे. वरच्या खणात, वायरीसकट.

———

गाण्यांसाठी घेणार असाल तर दोन गोष्टी. लहान स्पीकरचा आवाज बोलणं ऐकायला ठीक, गाण्यात खर्ज गायब. आणि हवं तेच गाणं लागायला बहुतेक ठिकाणी दरमहा वर्गणी लागते, नाहीतर 'त्यासारखं काहीतरी' लागतं, मध्ये जाहिराती. चार-पाच वर्षांची वर्गणी जोडून बघा, स्पीकरची किंमत त्यापुढे किरकोळ वाटते. माझ्या जुन्या मॉडेलला मोठ्या स्पीकरची वायर लावायचं भोक आहे, म्हणून निभावलं. काही नव्या मॉडेलांत ते काढून टाकलंय, घेताना मागची बाजू बघून घ्या.

———

आमच्याकडे आईसाठी घेतला. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झालाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. घड्याळ नाही, फोनचे आकडे नाहीत.

पहिले पंधरा दिवस वैतागाचे गेले. आई आधी वाक्य बोलायची आणि शेवटी त्याचं नाव घ्यायची, आपण माणसांशी बोलतो तसं. नाव आधी आलं नाही तर त्याला काही कळतच नाही. नाव आधी घ्यायला शिकली, तर नाव घेऊन थांबायची, 'काय बरं विचारायचं होतं' म्हणून. तेवढ्यात ते ऐकणं बंद. मराठी त्याला येत नाही म्हणून हिंदी लावलं. तर आई त्याला "जरा सुनते हो क्या" असं अदबीनं विचारायची. आणि ऐकू लागल्याची खूण म्हणजे दिवा, तो तिला कुठून दिसणार? मग सेटिंगमध्ये एक बारीक सोय सापडली: ऐकायला लागल्यावर आणि ऐकून झाल्यावर 'टिंग' वाजतं. ते चालू केलं आणि गाडी रुळावर आली.

आता रात्री तीनला जाग आली की ती वेळ विचारते. आधी मला हाक मारायची. गोळ्यांची आठवण, रेडिओ, मावशीला फोन. यादी मोजली नाही, गरज वाटली नाही.

———

वरचं वाचून सांगावंसं वाटलं: आमच्या बाबांचा आवाज आजारपणात अगदी क्षीण झालाय आणि अशा माणसाचं बोलणं त्याला नीट कळत नाही. घेण्याआधी त्या माणसालाच बोलून बघू द्या.

———

दिवे आणि पंख्यांसाठी घेतला. खर्च स्पीकरपाशी थांबत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवे वेगळे, प्लग वेगळे. बहुतेक प्लग 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात, माझं राउटर 5 वर. अर्धा रविवार त्यात गेला. एवढं करून पाहुणे आले की भिंतीवरचं बटण बंद करतात, मग स्मार्ट दिवा साध्या दिव्याहून मठ्ठ. प्लग मात्र कामाचे आहेत, पलंगावरून उठावं लागत नाही.

———

कान देऊन बसलेल्या यंत्राबद्दल कुणीच बोललं नाही. नाव ओळखायचं काम यंत्रातच होतं, त्यानंतरचं बोलणं बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं. 2019 मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्हींकडे काही ध्वनिमुद्रणं माणसं ऐकत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी धागा वाचून यादी उघडली तर त्यात आमच्या भांडणाचे सहा सेकंद! टीव्हीवर कुणीतरी त्याच्या नावासारखं काही बोललं असणार. पुसून टाकलं. आता माइकचं बटण बंद ठेवतो, लागेल तेव्हा उठून चालू करतो. उठायचंच असेल तर स्पीकर कशाला, असं घरचे म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

———

विजेची काळजी नको. लहान स्पीकर नुसता बसून साधारण दोन वॉट खातो, म्हणजे वर्षाला सतरा-अठरा युनिट.

———

धागाकर्ते, आधी फुकटात करून बघा. फोनमध्येही तोच सहायक असतो. फोन टेबलावर ठेवा, आठवडाभर हात न लावता लांबून बोला. कंटाळलात तर स्पीकरलाही कंटाळाल.

———

केलं हो. सात दिवस फोन टेबलावर. मुलीच्या 19 आज्ञा, बहुतेक स्पेलिंग आणि गजर. माझ्या चार. तसं बघता मीच जिंकलो. पण घरात मी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न यादीत आलाच नाही असं मुलीनं दाखवून दिलं. एरवी मी दिवसातून दोन-तीनदा 'माझा फोन कुठंय' म्हणून ओरडत फिरतो, आणि ते फोनला विचारून भागत नाही.

सगळ्यात लहान मॉडेल बघतोय.