आर्देन, डिसेंबर 1944: जर्मन मुसंडी पेट्रोलअभावी थांबली की रस्त्यांमुळे?

नकाशेवाला

आर्देन, म्हणजे बेल्जियम-लक्झेंबर्गमधला डोंगराळ जंगली भाग, याचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला कोणीतरी म्हणतंच, "पेट्रोल संपलं म्हणून जर्मन थांबले." मला हे अर्धवट वाटतं. पेट्रोल संपणं हा शेवट होता, कारण नव्हे.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 16 डिसेंबर 1944, पहाटे साडेपाच. मोन्शाउ ते एख्टरनाख या सुमारे 130 किलोमीटरच्या आघाडीवर जर्मन सेनापती मोडेलच्या हाताखालच्या तीन आर्मी तुटून पडल्या. उत्तरेला सेप डिट्रिखची सहावी पँझर (म्हणजे रणगाड्यांची आर्मी), मध्ये मान्टॉयफेलची पाचवी पँझर, दक्षिणेला बगल सांभाळायला ब्रान्डेनबर्गरची सातवी. म्यूज नदी ओलांडून अँटवर्प बंदर घ्यायचं, म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांची फाळणी होईल, असा हिटलरचा बेत. सहाव्या पँझरचं वेळापत्रक असं: एक दिवस फळी फोडायला, एक दिवस डोंगर चढून जायला, तिसऱ्या संध्याकाळी म्यूज, चौथ्या दिवशी पलीकडे.

आता नकाशा बघा. जंगल, खोल दऱ्या, वळणावळणाचे अरुंद रस्ते, आणि प्रत्येक दरीत एक छोटी नदी व त्यावर एकच दगडी पूल. उर, साल्म, आम्ब्लेव्ह या नद्या आपल्या ओढ्यांपेक्षा फार मोठ्या नाहीत. पण काठ उभे आहेत, त्यामुळे पूल गेला की 45 टनांचा पँथर रणगाडा अलीकडेच. किंग टायगर तर जवळजवळ 70 टनांचा.

सहाव्या पँझरच्या पुढे धावणाऱ्या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) अधिकारी पायपरच्या तुकडीचंच घ्या. सुमारे 4,800 माणसं आणि कित्येक किलोमीटर लांबीचा ताफा. पहिला पूर्ण दिवस गेला तो लॉसहाइमजवळ, कारण रेल्वेवरचा पूल सप्टेंबरच्या माघारीत जर्मनांनी स्वतःच उडवला होता आणि तो दुरुस्त व्हायच्या आत पायदळाच्या घोडागाड्या, तोफा आणि रणगाडे एकाच रस्त्यावर येऊन बसले. घाटात एक कंटेनर आडवा झाला की मागे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पुढे 18 तारखेला त्र्वा-पाँमध्ये एका 57 मिलिमीटरच्या तोफेने पहिला रणगाडा अडवला आणि तेवढ्या वेळात अमेरिकन इंजिनियरांनी आम्ब्लेव्हवरचा पूल उडवला. साल्मवरचाही उडवला. मग उत्तरेला वळून लिएन ओढ्यावरच्या पुलाशी पोचले, तर तोही डोळ्यांदेखत उडाला. त्या दिवशी पायपरच्या टाक्यांत पेट्रोल होतं. पूल नव्हते.

टाकी_फुल

नकाशेवाले, नकाशा सुंदर, पण हिशेब टाळलात.

जर्मन सैन्यात इंधनाचं एक एकक असायचं: तुकडीतली सगळी वाहनं 100 किलोमीटर नेण्यासाठी लागणारं इंधन. ही मोजणी सपाट, कोरड्या रस्त्याची. डोंगरात, चिखलात, खालच्या गियरवर तेच एकक निम्मंच नेतं. मान्टॉयफेल रशियात लढलेला असल्यामुळे त्याला हे ठाऊक होतं, आणि त्याने पाच एककं मागितली होती. प्रत्यक्ष हल्ल्याच्या सकाळी पुढच्या तुकड्यांकडे होतं जेमतेम दीड. म्हणजे कागदावर 150 किलोमीटर आणि आर्देनमध्ये 75. अँटवर्प सरळ रेषेतसुद्धा याच्या दुप्पट लांब. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

पँथरच्या टाकीत 730 लिटर मावतात. वीस लिटरचा एक कॅन धरला तर एका रणगाड्याला 36-37 कॅन, तेही हाताने ओतायचे, रात्री, थंडीत. पन्नास पँथरांची एक बटालियन एकदा भरायची तर अठराशेच्या वर कॅन. एवढे कॅन पुढे आणायला लॉऱ्या लागतात आणि लॉऱ्या स्वतः पेट्रोल पितात.

आणि पायपरच्या टाक्यांत पेट्रोल होतं म्हणता, ते आलं कुठून? 17 तारखेला सकाळी ब्युलिंगनमध्ये अमेरिकनांचं सुमारे 50 हजार गॅलन लुटलं, म्हणजे 1 लाख 89 हजार लिटर. अमेरिकन युद्धकैद्यांकडून ते भरून घेतलं. ती लूट मिळाली नसती तर तुमच्या त्र्वा-पाँच्या पुलापर्यंतची गोष्टच घडली नसती.

तोफखाना

दोघंही पायपरभोवतीच फिरताय. आधी एक गोष्ट नोंदवतो, कारण अशा चर्चांत या माणसाचं नाव क्रिकेटपटूसारखं घेतलं जातं. याच ताफ्याने 17 तारखेला मालमेदीजवळ बोन्येच्या चौकात शरण आलेल्या 84 अमेरिकनांना गोळ्या घातल्या, आणि स्ताव्हलोच्या परिसरात शंभरावर बेल्जियन नागरिक मारले, त्यात बायका-मुलं होती. हे बाजूला ठेवून त्याच्या 'धडाडी'वर बोलता येत नाही.

आता मुद्दा. सहाव्या पँझरचा खरा पराभव एल्सनबॉर्नच्या पठारावर झाला. पायपरला ताफा घेऊन आम्ब्लेव्हच्या दरीत शिरावं लागलं ते डी रस्त्याने (जर्मनांनी चढाईसाठी आखलेल्या रस्त्यांना अशी अक्षरं होती). त्याच्या उत्तरेचे ए, बी, सी हे रस्ते उघडलेच नाहीत. का? तर क्रिंकेल्ट आणि रोखेराथ या जुळ्या गावांत अमेरिकेच्या 99व्या आणि दुसऱ्या डिव्हिजनने 17 ते 19 डिसेंबर 12व्या एसएस पँझरला गल्लीबोळात धरून ठेवलं. पँथरची लांब नळी गल्लीत फिरत नाही, बाजूचं चिलखत पातळ, आणि शेजारच्या खिडकीत बझूका, म्हणजे खांद्यावरून डागायचं रणगाडाभेदी रॉकेट. त्या तीन दिवसांत मागे पठारावर तोफा जमवल्या गेल्या.

त्यानंतर 12व्या एसएसने दक्षिणेकडून, ब्युटगेनबाखच्या शेतवाडीवर प्रयत्न केला. 21 तारखेला तिथे अमेरिकन तोफखान्याने एका दिवसात दहा हजारांवर गोळे टाकले. याच लढाईत जमिनीवरच्या तोफांना प्रथमच मोठ्या प्रमाणात तो रेडिओ फ्यूज मिळाला, जो जमिनीच्या थोडा वर गोळा फोडतो. उघड्यावरच्या पायदळाला मग खंदकातही आसरा नाही.

रस्ते, पूल, पेट्रोल सगळं मान्य. पण खांदा, म्हणजे मुसंडीच्या कडेची बचावाची फळी, जागेवर राहिला की मुसंडीची रुंदी वाढत नाही, आणि रुंदी वाढली नाही की सगळी फौज दोन-चार रस्त्यांवर चेंगरते. तुमची कोंडी तिथून जन्मली.

नकाशेवाला

तोफखाना, खांद्याचं मान्य. खरं तर माझ्याच बाजूचा पुरावा दिलात.

टाकी_फुल, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण एक रकाना राहिला. या चढाईसाठी जर्मनांनी पेट्रोल जमवलं नव्हतं असं नाही. महिनोन् महिने साठवलेला साठा होता. त्यातला मोठा भाग ऱ्हाइनच्या पलीकडे होता, आणि तो पुढे आणायचा त्याच रस्त्यांवरून ज्यांवर रणगाडे, तोफा, पुलाचं सामान आणि घोडे अडकले होते. पेट्रोल होतं, पोचत नव्हतं. 'नाही' आणि 'पोचत नाही' यात फरक करायलाच हवा, कारण पहिल्याचा उपाय तेलविहीर आणि दुसऱ्याचा उपाय वाहतूक पोलीस.

मान्टॉयफेलच्या भागात बघा. उर नदीवर दासबुर्गला जड पूल बांधायचा होता. तिथे उतरणारा रस्ता तीव्र वळणांचा, त्यावर जर्मनांनी पूर्वी स्वतःच पाडलेली झाडं, आणि पुलाचं सामान त्यातून खाली आणायचं. सकाळी पूल होणं अपेक्षित होतं, झाला दुपारी. थोडे रणगाडे पार झाले आणि पुढचा एक रणगाडा पुलाचं टोक मोडून नदीत गेला, पुन्हा खोळंबा. तोवर पलीकडच्या गावागावांत अमेरिकेच्या 28व्या डिव्हिजनची एक रेजिमेंट, 110वी, तुकड्या-तुकड्यांनी अडून बसली होती. ती रेजिमेंट जवळजवळ संपली, पण 18 तारीख उजाडली. त्या दोन दिवसांत अमेरिकेची 101वी एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजन रॅन्सजवळून लॉऱ्यांत बसून निघाली आणि 19च्या सकाळी बास्तोनमध्ये उभी होती. जर्मनांची पँझर लेअर डिव्हिजन आदल्या रात्री बास्तोनपासून काही किलोमीटरवर होती. तिच्या कमांडरने, बायरलाइनने, नीडरवाम्पाखहून मागेरेला जाणारा जवळचा रस्ता धरला. रस्ता कसला, शेतातली चिखलवाट. रात्र तिथेच गेली.

बास्तोन म्हणजे सात रस्त्यांचं गाव. सेंट व्हिथही तसंच, रस्त्यांची गाठ. पहिलं कधीच मिळालं नाही, दुसरं 21च्या रात्रीपर्यंत मिळालं नाही. या दोन गाठी सुटल्या असत्या तर पेट्रोलच्या लॉऱ्याही पुढे गेल्या असत्या.

दाट_धुकं

रस्ते-रस्ते चाललंय, पण रणगाडा मुळात बनवला तो रस्ता सोडून जाण्यासाठी. तो रस्त्याला का चिकटला, हे कोणी विचारत नाहीये.

हिटलरला ढगाळ हवामान हवं होतं, कारण आकाशात मित्रराष्ट्रांची विमानं मोकाट होती. ते मिळालं. 16 ते 22 डिसेंबर ढग आणि धुकं. पण त्या धुक्याबरोबर आली ओल आणि चिखल. तापमान शून्याच्या आसपास घुटमळत होतं, जमीन गोठलेली नाही, बर्फ वितळतोय. अशा शेतात पँथर पट्ट्यांपर्यंत रुततो. म्हणजे जे हवामान तुम्हाला विमानांपासून लपवतं, तेच तुम्हाला डांबरावर बांधून ठेवतं. 22-23ला पूर्वेकडून कोरडी थंड हवा आली, जमीन दगडासारखी झाली, आता शेतातून जाता येत होतं. आणि त्याच दिवशी आकाश निरभ्र. 23 तारखेला 241 डकोटा विमानांनी बास्तोनवर 144 टन सामान टाकलं आणि लढाऊ बॉम्बर रस्त्यांवरच्या ताफ्यांवर तुटून पडले.

ही मेख कुठल्याही वेळापत्रकाने सुटणारी नव्हती. हिवाळ्यात त्या प्रदेशात लपायला धुकं आणि चालायला कडक जमीन एकत्र क्वचितच मिळतात.

थंडीचा मार दोन्हीकडे होता, पण वेगळा. अमेरिकन पायदळाला शत्रूइतकाच त्रास पाय सडण्याचा झाला. ओले बूट दिवसेंदिवस पायात, रक्त फिरत नाही, पाय आधी बधिर, मग सुजतो, निळा पडतो. उपाय साधा: रोज पाय पुसायचे, चोळायचे, मोजे बदलायचे, ओले मोजे अंगावर वाळवायचे. साधा, पण खंदकात गुडघाभर पाणी आणि समोर गोळीबार असताना अशक्य. रणगाडेवाल्यांना रात्री ठरावीक वेळाने इंजिन चालू करावं लागे, नाहीतर सकाळी सुरूच होत नसे. टाकी_फुल, इथे तुमचं पेट्रोल जळतंय बरं का, एक मीटर न हलता!

टाकी_फुल

धुकंसाहेब, तेच तर. तुमचा चिखल, नकाशेवाल्यांची कोंडी आणि तोफखान्यांचा खांदा, तिघांचंही बिल शेवटी पेट्रोलमध्येच फाडलं गेलं. कोंडीत इंजिन चालू, चिखलात दुप्पट, वळसे घालताना तिप्पट. म्हणून 'पेट्रोल हे कारण नव्हे' हे मला पटत नाही.

आणि ज्याला रस्ता मिळाला त्याचं काय झालं? दुसरी पँझर डिव्हिजन बास्तोनला उत्तरेने वळसा घालून थेट सेल गावापर्यंत गेली. 24 डिसेंबर, म्यूज दहा किलोमीटरच्या आत. तिथे पूल नाही, खांदा नाही, जमीन कडक. टाक्या कोरड्या. 25-26ला अमेरिकेच्या दुसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनने तिला उभ्या जागी संपवलं. रणगाडे तोफा म्हणून वापरायचे, हलवायचे नाहीत, अशी अवस्था. याला रस्त्याचा दोष कसा म्हणणार?

पायपरचंही तेच. 24च्या पहाटे ला ग्लेझ गावातून सुमारे 800 माणसं पायी निसटली, वाहनं सगळी तिथेच. त्याआधी विमानांनी त्याला पेट्रोल टाकलं, तर बहुतेक अमेरिकनांच्या बाजूला पडलं.

नवा_वाचक

एक शंका. स्ताव्हलोजवळ प्रचंड पेट्रोलचा साठा होता आणि जर्मन त्याच्या अगदी जवळून गेले असं ऐकलंय. तो मिळाला असता तर?

तोफखाना

साठा होता, आणि बेल्जियन पहारेकऱ्यांनी फ्रान्कोर्शाँच्या रस्त्यावर कॅन रचून पेटवून अडथळा केला, सुमारे 1 लाख 24 हजार गॅलन जळालं. पण चित्रपटात दाखवतात तशी रणगाड्यांची धाव तिथे झाली नाही. पायपरचा मुख्य ताफा त्या वाटेला वळलाच नाही, तो पश्चिमेला पुलांकडे गेला. दरम्यान अमेरिकनांनी स्पा-स्ताव्हलो भागातून तीस लाख गॅलनहून जास्त पेट्रोल दोन-तीन दिवसांत मागे हलवलं. लॉऱ्या असल्या की काय होतं ते यात दिसतं. आणि मिळालं असतं तरी पुलाविना ते पेट्रोल ला ग्लेझच्या दरीतच जळलं असतं.

नकाशेवाला

टाकी_फुल, सेलबद्दल. दुसरी पँझर तिथे कोरडी का पडली? तिची रसद बास्तोनच्या उत्तरेच्या एका रस्त्यावरून येत होती, मधला सात रस्त्यांचा चौक अमेरिकनांच्या हातात. वर 23पासून दिवसा रस्त्यावर लॉरी दिसली की विमान. शिवाय त्या डिव्हिजनच्या मागच्या तुकड्या तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत, तिचं शेपूट वाटेत तुटलं होतं. टाकी रिकामी हे खरं, पण नळ कुठे बंद होता ते बघा.

एक मात्र सोडतो: मोडेल आणि त्याचा वरिष्ठ, पश्चिम आघाडीचा सरसेनापती रुन्डश्टेट, दोघांनी आधीच छोटा बेत सुचवला होता, म्यूजच्या अलीकडेच, आखेनभोवती वेढा. दीड एककात तो कदाचित बसला असता. हिटलरने नाकारला. इथे तुमचा हिशेब जिंकतो.

टाकी_फुल

एवढं कबूल केलंत तर मीही एक करतो. पाच एककं ऱ्हाइनच्या अलीकडे असती तरी दासबुर्गच्या त्या वळणावर एका वेळी एकच रणगाडा वळणार होता. आखेनच्या छोट्या बेतात मात्र उर ओलांडायचीच नव्हती का, हे तपासून सांगा. त्या बेतातही दक्षिणेची चिमटी आर्देनमधूनच निघणार होती असं मला वाटतं, आणि तसं असेल तर तुमचे पूल तिथेही उभे आहेत.