मुगेन ट्रेन: सिनेमा की तिकीट लावून दाखवलेला एपिसोड?

उंबरठा (धागाकर्ता):

आधी माझं म्हणणं ऐकून घ्या, शिव्या नंतर घाला. रसभंगाची सूचना: गोष्ट शेवटापर्यंत फोडणार आहे, ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

'डीमन स्लेयर: मुगेन ट्रेन' हा माझ्या मते सिनेमाच नाही. टीव्ही मालिकेचा मधला तुकडा आहे, थेटरात तिकीट लावून दाखवलेला. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोयोहारू गोतोगे यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'शोनेन जंप' साप्ताहिकात २०१६ ते २०२० चालली. युफोटेबल स्टुडिओनं २०१९ मध्ये तिची २६ भागांची ॲनिमेशन मालिका केली. काळ तैशो, म्हणजे १९१२ ते १९२६ मधला जपान. कोळसा विकणाऱ्या तांजिरोच्या घरादाराला राक्षस मारून टाकतो. एक बहीण वाचते, नेझुको, पण तीही राक्षस होऊन. तिला पाठीवरच्या पेटीत घालून तो राक्षस मारणाऱ्यांच्या दलात जातो. २६ वा भाग संपतो तेव्हा तांजिरो आणि त्याचे दलातले सोबती झेनित्सू आणि इनोसुके सुटलेली आगगाडी धावत धावत पकडतात. सिनेमा? त्याच गाडीत पुढे सुरू.

पेटीत मुलगी का आहे, इनोसुकेनं रानडुकराचं मुंडकं का घातलंय, हाशिरा म्हणजे कोण, नवख्याला सांगायची तसदीच नाही. शेवटाची तीच गत. गाडीतला राक्षस एनमू मेल्यावर अकाझा नावाचा त्याच्याहून वरचा राक्षस आभाळातून पडल्यासारखा येतो, रेंगोकूला, म्हणजे दलातल्या हाशिरा या सर्वोच्च योद्ध्यांपैकी एकाला, मारतो आणि ऊन पडायच्या आत जंगलात पळून जातो. त्याचा हिशेब कधी? २०२५ च्या 'इन्फिनिटी कॅसल'मध्ये. पाच वर्षांनी, नवं तिकीट काढून.

आणि सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच दिलाय. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाच सिनेमा कापून टीव्हीवर ७ भागांत दाखवला. पहिला भाग नवा, उरलेले ६ सिनेमातलेच. कुठे शिवण दिसली? नाही दिसली, कारण कापडच मुळात त्या मापाचं होतं.

हिरवा कंदील:

साफ असहमत. शेवटचा मुद्दा आधी घेतो. कापता येतं म्हणून ते एपिसोड होत नाही. कुठलाही सिनेमा २०-२० मिनिटांवर कापून मागे-पुढे गाणं लावलं की एपिसोड तयार.

आता स्वप्नांचा भाग आठवा. तिकिटाच्या शाईत एनमूचं रक्त मिसळलेलं. कंडक्टरनं तिकिटाला चिमटा लावला की प्रवासी गाढ झोपला. तांजिरोला स्वप्नात काय दिसतं? डोंगरावरचं घर, सगळीकडे बर्फ, आई आणि भावंडं जिवंत, जेवणाची तयारी चाललेली. हे खोटं आहे हे कळल्यावर तो निघतो. सगळ्यात धाकटा रोकुता मागून रडत हाक मारतो, सोडून जाऊ नकोस म्हणून. तांजिरो वळून बघत नाही. डोळे पुसतही नाही, धावतो. आणि जागं व्हायचा मार्ग काय, तर स्वप्नात स्वतःच्याच गळ्यावर तलवार चालवायची. पुढे एनमू त्याला पुन्हा पुन्हा झोपवतो आणि हा दरवेळी तेच करतो.

हे कळायला २६ भाग पाहावे लागतात? मेलेली माणसं स्वप्नात परत आलेली कोणी पाहिली नाहीत?

त्यात तो क्षयाचा रोगी पोरगा. एनमूनं कबूल केलंय की माझं काम कर, तुला सुखाचं स्वप्न दाखवतो. म्हणून तो तांजिरोच्या मनात शिरतो, त्याचा गाभा फोडायला. आत बघतो तर वर स्वच्छ आभाळ, खाली घोटाभर पाणी, क्षितिजापर्यंत काही नाही. पोरगा तिथे रडायला लागतो, हात उचलत नाही त्याचा. या पोराला मालिकेत मागचापुढचा काही संदर्भ नाही. तो याच सिनेमाचा आहे.

वरणभात:

मी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. भाच्यानं ओढून बसवलं. कळलं सगळं, रडूही आलं. पण प्रामाणिकपणे सांगते, ती बांबू तोंडात धरलेली मुलगी डोक्यानं ठोसा मारते आणि मग भावाला जाळते, तिथे मला वाटलं ही खलनायिका. शेजारून भाचा पुटपुटत होता म्हणून निभावलं.

त्यामुळे उंबरठा यांचं अर्धं बरोबर. सिनेमा कळतो, फक्त भाचा सोबत हवा.

कोल्हापुरी टांगा:

भावा, इतकं डोकं कशाला लावतोयस? थेटरात बघ, नाद खुळा आहे. आगगाडीच जिवंत होती, डब्याच्या भिंतीतनं मांस फुगून बाहेर येतंय, आठ डबे, त्यातले पाच एकटा रेंगोकू सांभाळतोय, तीन झेनित्सू आणि नेझुको. इनोसुके तर आधी गाडीलाच जनावर समजून धडक मारतो. एपिसोडमध्ये एवढं कुठं असतंय.

उंबरठा:

@कोल्हापुरी टांगा, एपिसोडमध्येच असतं हो, हाच तर घोळ आहे. युफोटेबलची मालिका दिसायला आधीपासूनच सिनेमासारखी. १९ व्या भागातली कोळ्याच्या जंगलातली लढाई काढून बघा आणि सांगा पडदा सोडून काय बदललं. चित्र देखणं म्हणून सिनेमा म्हणायचं तर मग मालिका कशाला म्हणायचं?

@हिरवा कंदील, स्वप्नांचा भाग उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण तो सिनेमाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्धात ते सगळं स्वप्नप्रकरण गुंडाळून ठेवतात आणि वेगळीच लढाई सुरू होते. दोन गोष्टी एकाला एक जोडल्यात. मांगा आठवड्याला एक प्रकरण अशी लिहिली जाते, तिला हे शोभतं. सिनेमाला नाही.

तात्या टोपलीवाले:

पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. १६ ऑक्टोबर २०२० ला हा जपानात लागला. करोनामुळे हॉलिवूडचे मोठे सिनेमे पुढे ढकललेले, थेटरं मोकळी. टोकियोतल्या एकाच मल्टिप्लेक्सात दिवसाला चाळीसवर खेळ लावले होते, आगगाडीचं वेळापत्रक छापावं तसे. दहा दिवसांत १० अब्ज येन. डिसेंबरअखेर मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'चा २००१ पासूनचा विक्रम मोडला. पुढे एकट्या जपानात ४० अब्ज येनच्या वर गेला.

'स्पिरिटेड अवे' पाहायला आधी काही पाहावं लागत नाही, हे ध्यानात घ्या. विक्रम मोडणाऱ्याला मात्र २६ भागांची प्रस्तावना लागते. हे पाहिल्यावर निर्मात्यांना काय कळलं? २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांनी आधीच्या सीझनचा शेवट आणि पुढच्या सीझनचा पहिला भाग जोडून देशोदेशी थेटरात लावला. तो तर उघडउघड एपिसोड होता, आणि लोकांनी तिकिटं काढली.

हिरवा कंदील:

ती दोन जोडकामं मीही सिनेमा म्हणणार नाही. पण त्यांच्यामुळे 'मुगेन ट्रेन'ला दोषी धरणं म्हणजे नातवाच्या उधारीपायी आजोबांना कोर्टात ओढणं.

दोन गोष्टी जोडल्या म्हणता, तर सिनेमाची पहिली चौकट आठवा. दलाचे प्रमुख उबुयाशिकी आजारी अवस्थेत बायकोचा हात धरून स्मशानातून चाललेत. राक्षसांशी लढताना मेलेल्यांच्या थडग्यांच्या रांगा, प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की यात कोणाचं तरी थडगं होणार. मग रेंगोकू भेटतो, आगगाडीत डब्यावर डबे रिचवत, प्रत्येक घासाला 'उमाई!' म्हणजे 'झकास!' असं ओरडत. पहिल्यांदा हसू येतं. शेवटी तो गुडघ्यावर बसून मरतो तेव्हा त्याला आई दिसते. लहानपणी तिनं विचारलेलं असतं, तू इतरांपेक्षा बळकट का जन्मलास? दुबळ्यांना वाचवायला. हा सिनेमा रेंगोकूचा आहे, थडग्यापासून थडग्यापर्यंत. मालिकेत तो पाहुण्यासारखा येऊन जातो. तुम्ही तांजिरोचा सिनेमा शोधताय म्हणून सापडत नाही.

शाकुंतल नको:

उशिरा आलो. जरा आपल्याकडचं बघा. 'संगीत सौभद्र' १८८२ चं. सुभद्रेचं लग्न बलराम दुर्योधनाशी ठरवतो, तिला अर्जुन हवा, कृष्ण दोन्हीकडून खेळतो. अर्जुन तीर्थयात्रेला का निघाला, बलरामाला दुर्योधनाचं कौतुक का, हे सगळं अण्णासाहेब किर्लोस्करांनी पहिल्यापासून समजावत बसायला हवं होतं? प्रेक्षक महाभारत घेऊनच मांडवात यायचा. त्यामुळे 'सौभद्र' महाभारताचा एपिसोड ठरलं का?

ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याच्यासाठी रचलेली कलाकृतीही पूर्ण असू शकते. पाश्चात्त्य चित्रपटाचा नियम, दोन तासांत आदि-मध्य-अंत, जपान्यांना का लावायचा?

उंबरठा:

मुद्दा आवडला, म्हणून उत्तरही नीट देतो. महाभारत आजीकडून फुकट मिळतं. कीर्तनात मिळतं, अमर चित्रकथेत मिळतं, न मागता मिळतं. तांजिरोची गोष्ट दर महिन्याचे पैसे भरून मिळते. प्रेक्षकाला गोष्ट माहीत असणं वेगळं आणि त्यानं ती आधी विकत घेतलेली असणं वेगळं. शिवाय 'सौभद्र' त्याच रात्री संपतं. सुभद्रेचं लग्न लागतं, लोक घरी जातात. पुढच्या अंकासाठी २०२५ पर्यंत थांबा असं कोणी सांगत नाही.

डोराकेक:

सगळे 'डोरेमॉन'ला विसरले? टीव्ही मालिकेवरचा सिनेमा कसा असावा याचा धडा तिथे आहे. मालिका १९७९ ची, पहिला मोठा सिनेमा १९८० चा, 'नोबिताचा डायनासोर'. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी एक. कुठलाही उचला, आधीचं काही पाहायची गरज नाही. नोबिताला अंडं सापडतं, त्यातून पिल्लू निघतं, त्याला त्याच्या काळात सोडायला सगळे निघतात. झालं.

आणि गंमत अशी की सिनेमात माणसं बदलतात. मालिकेत नोबिताला बदडणारा जियान सिनेमात जीवाला जीव देतो. त्या डायनासोरच्या सिनेमात सुनियो म्हणतो, पिल्लू शिकाऱ्यांना देऊन टाकू आणि घरी जाऊ. तेव्हा जियान नोबिताच्या बाजूनं उभा राहतो, कारण आधी कड्यावर नोबितानं त्याचा हात शेवटपर्यंत सोडलेला नसतो. मालिकेनं जे कधीच दिलं नसतं ते सिनेमा देतो. 'मुगेन ट्रेन'नं मालिकेला नसलेलं काय दिलं?

हिरवा कंदील:

मरण दिलं. डोरेमॉनच्या सिनेमात काहीही होवो, पुढच्या भागात सगळं होतं तसंच. जियान पुन्हा बदडतो. 'ड्रॅगन बॉल'चे, 'वन पीस'चे बहुतेक सिनेमेही असेच, मूळ गोष्टीला धक्का न लावणारे. म्हणून वर्षानुवर्षं चाहते असे सिनेमे मनावर घेत नसत, पाहिला काय न पाहिला काय. 'मुगेन ट्रेन'नं मूळ गोष्टीतला सगळ्यात मोठा घाव मोठ्या पडद्यावर घातला. तुम्ही ज्याला दोष म्हणताय तेच त्याचं धाडस आहे.

कोल्हापुरी टांगा:

+१. आणि ते तांजिरो पळत्या अकाझाच्या पाठीत तलवार फेकून ओरडतोय, पळू नकोस भेकडा, रेंगोकू हरला नाही, त्यानं एकालाबी मरू दिलं नाही! तिथं सगळं थेटर गप्प. एपिसोड म्हणे.

वरणभात:

'इन्फिनिटी कॅसल'बद्दल कोणी बोला की. १२ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला, पहाटेचे खेळसुद्धा भरले म्हणतात. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू सगळं होतं, मराठी नव्हतं. आपली पोरं हिंदीत बघतात हे वितरकांना पक्कं माहीत आहे, दुसरं काय.

तात्या टोपलीवाले:

तो २ तास ३५ मिनिटांचा, आणि तीनपैकी फक्त पहिला. त्यात उंबरठा यांचं म्हणणं शंभर टक्के लागू. तीन लढाया, प्रत्येकीच्या मधोमध पूर्वकथा. अकाझा माणूस असताना हाकुजी नावाचा पोरगा, आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा. मग त्याची होणारी बायको कोयुकी, मग शेजाऱ्यांनी विहिरीत कालवलेलं विष. कथा काळीज कापते, पण तलवार अर्ध्यावर थांबवून एवढा वेळ सांगायची? आठवड्याच्या मांगात चालतं. खुर्चीत बसून माझी पाठ धरली.

शाकुंतल नको:

पाठ धरली हा समीक्षेचा निकष असेल तर जुनी संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची, त्यांचं काय करायचं?

खिचडी:

वाद चालू द्या, मला एक सांगा. मुलगा ९ वर्षांचा आहे, वर्गातली पोरं बोलतात म्हणून 'मुगेन ट्रेन' बघायचा हट्ट धरलाय. दाखवू का?

हिरवा कंदील:

ताई, जपानात पीजी-१२ होता, म्हणजे त्याहून लहानांना पालकांनी विचार करून दाखवावा. अमेरिकेत तर थेट आर, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही. स्वतःचा गळा चिरण्याचं दृश्य एकदा नाही, अनेकदा आहे. एनमूच्या तळहाताला तोंड आहे आणि ते बोलतं. आधी तुम्ही एकट्या बघा आणि ठरवा. दाखवायचाच तर आधी मालिका दाखवा, म्हणजे नेझुको कोण हे त्याला कळेल.

उंबरठा:

'आधी मालिका दाखवा.' हे मी नाही, हिरवा कंदील यांनी लिहिलंय. धाग्याचं शीर्षक पुन्हा एकदा वाचावं.

हिरवा कंदील:

मुलाच्या वयाचं विचारलं, त्याला उत्तर दिलं. तुम्ही ९ वर्षांचे असाल तर तुम्हालाही हेच सांगेन.