भिशीच्या दोन हजारांत कोणती पुस्तकं आणू? कथा-कादंबरी नको

भिशीवाली मावशी (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहून राहिले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची दहा जणींची पुस्तकभिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, म्हणजे २,००० जमतात. जिची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांची पुस्तकं आणायची आणि ती दहा घरं फिरवायची. सहा वर्षं सुरू आहे. आमच्या साड्यांच्या भिशीत भांडणं झाली, यात नाही. म्हणजे परवापर्यंत नव्हती झाली.

दिवाळीनंतर ठरलं, की वर्षभर कादंबऱ्या बंद. खरं घडलेलं वाचायचं. चरित्र, आठवणी, शेती, जंगल, अगदी स्वयंपाकाचंही चालेल. पहिली चिठ्ठी जिची निघाली तिने एका मोठ्या उद्योजकाचं चरित्र आणलं. ६५० रुपये, गुळगुळीत कागद, मधे रंगीत फोटो. माझ्याकडे आलं तेव्हा त्यात खूण म्हणून सुतळीचा तुकडा होता, पान ७२ वर. मीही ७२ वरच थांबले. नंतर चहाला जमलो तेव्हा कळलं, की पहिलीने ठेवलेली ती सुतळी पाच घरं फिरली, पण एकीनेही पुढे सरकवली नाही. आणणारीला राग आला. तिथून भांडण.

पण मी तरी काय करू? त्यातला माणूस लहानपणापासून हुशार, आईचा लाडका, पहाटे चारला उठणारा. धंद्यात खोट आली की 'अनेक अडचणींवर मात करून' एवढ्यात विषय संपला. अरे बावा, अडचण कोणती ते तर सांग! बँक नाही म्हणाली, का भागीदार पळाला, का माल सडला? मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. हप्ता का थकला म्हणून विचारलं, की खोटा माणूस म्हणायचा, 'मार्केट डाऊन आहे मॅडम.' खरा माणूस सांगायचा, की ११ तारखेला ट्रक बुटीबोरीला उलटला, अर्धी संत्री रस्त्यावर गेली, उरलेली व्यापाऱ्याने निम्म्या भावात घेतली. त्याला मुदत देताना माझा हात कधी अडखळला नाही.

स्वयंपाकाच्या पुस्तकानेही असंच केलं. आई गोळाभात करायची, तिने कधी लिहून ठेवला नाही आणि मी कधी विचारला नाही. पुस्तकात बघून केला. 'गोळे भातात सोडावेत व मंद आचेवर वाफ आणावी.' बस, एवढंच. केव्हा सोडायचे? मी पाणी वर दिसत होतं तेव्हाच सोडले. बेसनाचं पिठलं झालं, भाताची खिचडी झाली. त्या दिवशी जावई जेवायला होते. 'छान आहे आई' म्हणाले आणि दुसऱ्यांदा घेतला नाही. त्याच पुस्तकात आपल्या सांबारवडीला 'कोथिंबिरीचे रोल' म्हटलं आहे, ते तर सोडूनच द्या.

तर आता माझी चिठ्ठी निघाली आहे. ट्रक कुठे उलटला ते ज्यात लिहिलं असेल अशी पुस्तकं सांगा. नवी असली तर बरं. मराठी आधी, इंग्रजी आमच्यातल्या तिघीच वाचतात. आणि फार जाड नको. ऊन तापायला लागलं, आता आमचं वाचन कूलरसमोर आडवं पडून. जाड पुस्तक छातीवर पेलत नाही आणि कूलरच्या ओलाव्याने फुगतं ते वेगळंच.

---

ऑरेंज लाईन (खापरी)

मावशी, वसंत मून यांचं 'वस्ती' भिशीत आलं का? नसेल तर आधी तेच.

नवं नाही, १९९५ चं आहे. पण आपल्या गावाचं असून आपल्याला ठाऊक नसलेलं नागपूर त्यात आहे. महारपुऱ्यातलं बालपण, तिथली माणसं, बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाची पोरं. आत्मचरित्र म्हणतात, पण 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. स्वतःची कीव कुठेच नाही, गरिबी सांगता सांगता माणूस हसवतोही. हेच मून पुढे सरकारच्या आंबेडकर ग्रंथमालेचे संपादक झाले. कागदपत्रं जपणाऱ्या माणसाची नजर या पुस्तकातही दिसते, नाव-गाव-नातं सोडून तो बोलतच नाही. तुमच्या संत्र्याच्या ट्रकवाल्यासारखा.

मी मेट्रोत वाचलं. उतरायचं होतं बर्डीला, उतरलो झिरो माइलला. गेल ऑमव्हेट यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये आलं, म्हणजे तुमच्या तिघींचीही सोय आहे.

दुकानात नाही मिळालं तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांचे स्टॉल लागतात. लोक बाहेरगावाहून येतात, डोक्यावर वळकटी, हातात पोरगं, आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं. पुस्तकाचा खप मला कुठे खरा दिसला असेल तर तिथे.

---

जवसतेल (महाल)

काकू, पुस्तकं नंतर, आधी गोळाभात. नाहीतर रात्री झोप नाही लागणार मला.

भात मोकळा होईल इतकंच पाणी. पाणी आटून भाताला वरून भोकं पडली, आमच्या आजीच्या भाषेत 'भाताला डोळे फुटले', की मग गोळे वर ठेवायचे. सोडायचे नाहीत, ठेवायचे. डाळीचं पीठ जरा भरड पाहिजे, त्यात तेलाचं कडकडीत मोहन, तिखट, हळद, मीठ, ओवा, आणि पाण्याचा नुसता हबका. गोळा मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. झाकण घट्ट, दहा-बारा मिनिटं. जेवताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी, हात आखडता न घेता.

आता पुस्तकं. 'रुचिरा' तुमच्याकडे असणारच. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये शेर-पावशेर सोडून वाटी-चमच्याचं माप धरलं. नवी नवरी परगावी एकटी संसाराला लागली, तिला सासू हाताशी नव्हती, तिला ते माप कामी आलं. पण ती सांगली-पुण्याकडची चव. सावजी रश्शासाठी तिथे जाऊ नका. तो हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल काळं होईस्तोवर भाजायचं आणि जुन्या घरांत तेल जवसाचं. आता हॉटेलात जवसाचं कोणी घालत नाही, नुसती तर्री लाल करून देतात. माझं नाव यावरूनच आहे.

मला विचाराल तर या महिन्याला शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आणा. मराठीत २०१५ मध्ये आलं. भूषण कोरगावकरांचं इंग्रजी भाषांतर २०२४ मध्ये आलं तेव्हा कुठे सगळीकडे बोलबाला झाला. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधलं जेवण. चान्या, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून वाळवलेल्या, त्या कशा टांगायच्या, कधी भाजायच्या, कशात शिजवायच्या, हे सगळं आहे. तूप-साखर-केशर नाही, कारण घरातच नव्हतं. पाककृती आणि चरित्र यात वेगळं काढता येत नाही. तुमच्या भिशीत शाकाहारी असतील तर काहींना जड जाईल. जाऊ द्या. वाचायचं आहे, खायचं थोडीच आहे.

---

साग आणि मोह (गोंदिया)

मी वनखात्यातून निवृत्त. मारुती चितमपल्ली साहेबांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' सुचवतो. साहेब १८ जून २०२५ ला गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. छत्तीस वर्षं नोकरी जंगलात. जन्म सोलापूरचा, पण नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट यांनी घडवलेला माणूस.

त्यांचं काय आवडतं सांगू? वस्तूला नाव नसेल तर ते शोधायचे. रानातल्या म्हाताऱ्यांना विचारायचे, संस्कृतात धुंडाळायचे. बगळे-करकोचे जिथे एकत्र घरटी करतात त्या जागेला मराठीत शब्द नव्हता. त्यांनी केला, सारंगागार. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. मी तीस वर्षं तीच झाडं बघितली, रिपोर्टात 'पक्ष्यांची घरटी असलेले झाड' लिहिलं. वाचल्यावर लाज वाटली.

जाड आहे, आधीच सांगतो. कूलरसमोर दोन उशा घ्या.

---

रोखठोक (धंतोली)

मावशींनी नवी मागितली आणि सगळे जुनी सांगून राहिले.

१. जयदीप हर्डीकर यांचं 'रामराव', २०२१, इंग्रजी. लेखक नागपूरचे पत्रकार. यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूस उत्पादक, कीटकनाशक पिऊन वाचलेला. एकाच माणसाचं कर्ज, पीक, भाव, घर. बँकवाल्या बाईंनी तर वाचावंच.

२. अशोक गोपाल यांचं 'अ पार्ट अपार्ट', २०२३. आंबेडकरांचं चरित्र. बाबासाहेबांचं मराठी लिखाण आणि भाषणं मुळातून वाचून लिहिलेलं. आठशेच्या वर पानं आहेत, तेव्हा छातीवर नकोच. टेबल लागेल.

३. कृश अशोक यांचं 'मसाला लॅब', २०२०. कांदा परतताना नेमकं काय होतं, कुकरमध्ये काय होतं, ते शास्त्राने सांगतं. गोळे का फुटले तेही त्यावरून काढता येईल, भाताचे डोळे मोजावे लागणार नाहीत.

---

जवसतेल

भाऊ, डोळे मोजायचे नसतात, बघायचे असतात. बाकी यादी चांगली आहे.

---

भिशीवाली मावशी

सगळ्यांचे आभार. एवढ्या उत्तरांची सवय नाही, चष्मा दोनदा पुसला.

शनिवारी बर्डीला गेले होते. 'वस्ती' आणि 'अन्न हे अपूर्णब्रह्म' दोन्ही सांगून ठेवली, दुकानदार म्हणाला आठवड्यात येतात. 'रामराव' हातात मिळालं, तेच आधी घेतलं. खरं सांगते, दुकानात उभ्या उभ्या वीस पानं झाली. मी दोन वर्षं यवतमाळकडच्या शाखेत होते. पीककर्जाचे फॉर्म माझ्याच सहीने जायचे. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'परतफेडीचा स्रोत'. सगळे लिहायचे 'कापूस'. आम्हीही तेच टाईप करायचो. त्या एका शब्दामागे किती दुकानदार, किती सावकार, किती पाऊस उभा असायचा, ते टेबलाच्या अलीकडून कधी दिसलं नाही. घरी येऊन रात्री साडेअकरापर्यंत वाचलं. ह्यांनी दोनदा दिवा घालवला.

इंग्रजी न वाचणाऱ्या सात जणींसाठी काय करावं, ते सुचलं आहे. मी दर गुरुवारी दोन प्रकरणं मराठीतून सांगणार. बघू किती टिकतात.

'चकवाचांदण' एकीच्या नवऱ्याच्या कपाटातच निघालं, फुकट. त्याने वीस वर्षांत उघडलं नव्हतं, आता म्हणतो आधी मी वाचतो. 'अ पार्ट अपार्ट' दोन महिन्यांचे पैसे जमवून घेऊ.

आणि हो, उद्योजकवालं चरित्र परत पहिलीकडे पोचलं. ती आता ठासून सांगते की पूर्ण वाचणार. सुतळी मी त्यातच ठेवली आहे.

---

ऑरेंज लाईन

मावशी, गुरुवारचं ऐकायला बाहेरच्यांना येता येतं का? ऑफिस सुटल्यावर बर्डीहून ॲक्वा लाईन पकडतो.

---

जवसतेल

आणि गोळाभात?

---

भिशीवाली मावशी

ऑरेंज लाईन, ये बाबा, पण येताना स्वतःचा कप आण, माझ्याकडे दहाच आहेत.

जवसतेल, काल केला. डोळे फुटेपर्यंत गॅससमोरून हलले नाही. गोळे टिकले. खालचा भात लागला, पण तो मी खाल्ला, जावयाला वरचा वाढला. दोनदा घेतला.