शब्दचर्चा : रिचेर्कार, तोक्काता, चाकोना यांना मराठीत काय म्हणावे?

तंतकार

जुन्या युरोपीय वाद्यसंगीताच्या मैफलींची मराठी टिपणे तयार करताना एक वाक्य सर्रास उचलले जाते : ‘रिचेर्कार म्हणजे फ्यूगचे जुने रूप.’ (फ्यूग म्हणजे एकच विषय, म्हणजे छोटी सुरावट, एकामागून एक आवाजांत घेणारी रचना; आवाज म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींपैकी एक.) बाखच्या रिचेर्कारला ते बरेचसे लागू पडते. पण जोआन अम्ब्रोजिओ दाल्झाचे १५०८ चे ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावरचे रिचेर्कार घ्या. त्यात एकामागून एक शिरणारे आवाज नाहीत, ठरलेला विषय नाही. दोन कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) मधून धावणाऱ्या छोट्या ताना आहेत, बस्स. मग नाव एकच कसे? आणि या शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यावेत की मूळ नावेच देवनागरीत लिहावीत? तोक्काता आणि फांतासिया यांना ‘आलाप’, कान्त्सोनाला ‘गीत’, चाकोनाला ‘आवर्तन’ असे सुचवले जाते. जाणकारांनी मत द्यावे.

पायपेटी

आधी रिचेर्कार. इटालियन क्रियापदाचा अर्थ शोधणे, धुंडाळणे. काय शोधायचे, हे मात्र काळानुसार बदलत गेले. गोंधळाचे मूळ तिथे आहे.

व्हेनिसच्या पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ मध्ये स्पिनाचिनोची आणि १५०८ मध्ये दाल्झाची ल्यूटची पुस्तके छापली. लेखन टॅब्लेचरमध्ये : सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या (सगळ्यात उंच सुराची तार एकेरी), रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. इटालियन पद्धतीत सगळ्यात खालची रेघ ही सगळ्यात उंच सुराची तार, म्हणजे ल्यूट मांडीवर धरल्यावर हाताला लागते तशी. फ्रेंच टॅब्लेचरची (तिथे क्रम उलटा) सवय असलेले पहिल्या ओळीतच फसतात. दाल्झाकडे ‘तास्तार दे कोर्दे’ हा तुकडा आधी येतो, म्हणजे तारा चाचपणे, आणि त्याला जोडून ‘रेचेर्कार दिएत्रो’, मागोमागचा रिचेर्कार. ल्यूटच्या तारा आतड्याच्या, हवेने लगेच उतरणाऱ्या. वाद्य लागले आहे का ते ऐकणे, बोटे मोकळी करणे, पुढच्या रचनेचा सूर श्रोत्यांच्या कानात बसवणे, ही कामे हे दोन तुकडे करतात.

दुसरा रिचेर्कार १५४० च्या सुमाराचा. व्हेनिसमध्येच ‘मुझिका नोव्हा’ हा संग्रह निघाला. त्यात विलार्ट आणि जुलिओ सेन्यी यांच्या रचना आहेत. छपाई चार स्वतंत्र वह्यांत, प्रत्येक आवाजाची एक. रचना मोटेटच्या (अनेक आवाजांच्या धार्मिक गायनरचनेच्या) धर्तीवर : एका आवाजात विषय येतो, मग तोच चौथ्या किंवा पाचव्या स्वरावरून दुसऱ्या आवाजात, मग तिसऱ्यात. तो विषय संपत आला की नवा विषय सुरू. इथला शोध विषयाच्या पोटात काय काय दडले आहे त्याचा. पुढे एकाच विषयावर अख्खी रचना उभी करण्याकडे कल झुकला : विषय उलटा करणे, दुप्पट लांब करणे, एका आवाजात तो संपण्याआधीच दुसऱ्यात सुरू करणे. ‘फ्यूगचे जुने रूप’ हे वर्णन या दुसऱ्या रिचेर्कारचे आहे, पहिल्याचे नव्हे.

तिसराही आहे. दिएगो ओर्तिसच्या १५५३ च्या रोममध्ये छापलेल्या पुस्तकात ‘रेसेर्कादा’ आहेत. बऱ्याचशा व्हायोल या गजाच्या वाद्यासाठी; हार्पसिकॉर्ड (पट्ट्या दाबून तारा छेडणारे वाद्य) ठरलेला बास, म्हणजे सगळ्यात खालची ओळ, आणि कॉर्ड वाजवते, व्हायोल त्यावर विस्तार करते. नाव त्याच कुळातले, पण यात ना तारा चाचपणे, ना चार आवाजांचे काउंटरपॉइंट (सुरावटींची एकमेकींत गुंफण).

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ही नावे साच्यांची नाहीत, वादक काय करतो आहे त्याची आहेत : चाचपणे, शोधणे, स्पर्श करणे (तोक्काता), वाजवणे (सोनाटा). स्पॅनिश ‘तिएंतो’ आणि पोर्तुगीज ‘तेंतु’ यांचाही अर्थ चाचपणेच. नाव मूळचेच ठेवा आणि त्याला साल, गाव, वाद्य जोडा. तेवढ्याने निम्मा घोळ मिटतो.

मंद्रसप्तक

रिचेर्कारपुरते पटले. पण तोक्कातासाठी ‘आलाप’ इतका चपखल असताना वाचकाला परका शब्द का द्यायचा? तालात बांधलेला नाही, सुरुवातीला संथ, मग गती वाढते, वादकाला मोकळीक आहे. तोक्काता लिहिणाऱ्या इटालियन फ्रेस्कोबाल्डीने तर स्वतःच लिहून ठेवले आहे की ठोका काटेकोर धरू नका.

पायपेटी

ते १६१५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे, आणि ती प्रस्तावना पूर्ण वाचली की आलापाची तुलना डळमळू लागते. त्यातल्या सूचना अशा : सुरुवात संथ आणि कॉर्ड मोडून, म्हणजे स्वर एकामागून एक उलगडत, धरलेले आणि विसंवादी स्वर पुन्हा पुन्हा छेडायला हरकत नाही, वाद्य रिकामे वाटता कामा नये, मुरकीच्या किंवा तानेच्या शेवटच्या स्वरावर, तो छोटा असला तरी, थांबा, म्हणजे पुढचा तुकडा वेगळा कळेल, समाप्ती कागदावर जलद दिसली तरी लांबवत न्या, एका हातात कंप आणि दुसऱ्यात तान असेल तर स्वराला स्वर जुळवत बसू नका, कंप वेगाने आणि तान जरा सावकाश, भाव ठेवून. तुकडे सुटे वाजवायची आणि हव्या त्या समाप्तीवर थांबायचीही मुभा आहे.

यात मोकळीक आहे ती वेळेची. स्वर लिहिलेले आहेत, दोन्ही हातांचे, आणि कॉर्ड सतत बदलत जातात. आलापात राग एकच, आधारस्वर हलत नाही, आणि विस्तार वादकाचा. आलाप म्हटले की मराठी वाचक षड्जाची वाट पाहत बसेल. तोक्कातात तो आधार पायाखालून सरकत असतो. शिवाय मोंतेव्हेर्दीच्या १६०७ च्या ‘ओर्फेओ’च्या आरंभी तोक्काता आहे : पडदा उघडण्यापूर्वी तीनदा वाजवायचा तुताऱ्यांचा गजर. त्याला आलाप कसे म्हणणार?

हार्पसिकॉर्डवर तोक्काता हमखास बिघडते ती पहिल्याच ओळीत. कागदावर पूर्ण मात्रांचे लांब कॉर्ड दिसतात, वादक ते एकदाच दाबतो आणि मोजत थांबतो. तार काही क्षणांत विरते आणि शांतता पसरते. पुन्हा छेडण्याची सूचना आहे ती यासाठी. ऑर्गनवर स्वर दाबलेला असेपर्यंत टिकतो, त्यामुळे तिथे हीच उलगड जपून करावी लागते.

तंतकार

आणि कान्त्सोना? ‘गीत’ चालेल?

पायपेटी

मूळ फ्रेंच शान्सों, म्हणजे गाणेच. इटलीतल्या वादकांनी ती गाणी वाद्यांवर घेतली, मग त्याच घडणीच्या नव्या रचना केल्या. म्हणून पुस्तकांवर ‘वाजवण्याची कान्त्सोना’ असे लिहिलेले असते. मराठीत ‘गीत’ छापले की वाचक गायक शोधेल. ओळखायची खूण मात्र मराठी माणसाला पटकन कळण्यासारखी आहे : सुरुवात दीर्घ-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, ‘भास्कर’. बहुधा तिन्ही स्वर एकच. एक आवाज हा भगण घेऊन आत येतो, लगेच दुसरा तोच घेऊन. पुढे दोनाच्या आणि तीनाच्या लयीचे तुकडे आलटून पालटून. लयीच्या सांध्यावर जुनी आणि नवी मात्रा यांचे नाते आधी ठरवून घ्यावे. न ठरवता घेतल्यास गट तिथेच फुटतो.

सोनाटा म्हणजे ‘वाजवलेले’, एवढेच. जोव्हानी गाब्रिएलीच्या १५९७ च्या संग्रहात कान्त्सोना आणि सोनाटा शेजारी शेजारी आहेत. त्यातल्या ‘सोनाटा पियान ए फोर्ते’मध्ये आठ आवाज, दोन गट : एकात कॉर्नेट्टो (लाकडी फुंकवाद्य) आणि तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात व्हायोलिन आणि तीन ट्रॉम्बोन. हे ‘व्हायोलिन’ आजच्या व्हायोलाच्या पट्टीत उतरते. आजचे व्हायोलिन घेऊन बसलात तर खालचे स्वर मिळणारच नाहीत. कुठे हळू आणि कुठे मोठ्याने, आणि कोणत्या आवाजाला कोणते वाद्य, हे दोन्ही छापलेल्या पहिल्या रचनांपैकी ही एक. शंभर वर्षांनंतरच्या कोरेल्लीच्या सोनाटाशी तिचे रूप जुळत नाही.

मंद्रसप्तक

कोरेल्लीच्या ‘त्रिओ सोनाटा’ला मी ‘त्रिवादन’ लिहीत आलो आहे.

तंतकार

त्याने मंचावर तीन खुर्च्या मांडल्या जातील! तीन हा आकडा आवाजांचा आहे, माणसांचा नव्हे. १६८१ च्या पहिल्या संग्रहात (चर्चसाठीचे सोनाटा) दोन व्हायोलिन, व्हिओलोने (खालच्या सुरांचे गजाचे वाद्य) किंवा मोठे ल्यूट, आणि शिवाय ऑर्गनची वेगळी वही : आवाज तीन, वादक चार. १६८५ चा दुसरा संग्रह दालनासाठीचा. तिथे मुखपृष्ठावर ‘व्हिओलोने किंवा हार्पसिकॉर्ड’ आहे, म्हणजे तिघांत भागते. त्यामुळे टिपणात ‘तीन आवाजांचा सोनाटा’ लिहावे आणि वादकांची यादी वेगळी द्यावी.

मंद्रसप्तक

मान्य. आता चाकोना-पास्साकालियाचे बोला. इथे मी अडून बसणार : तबल्याच्या सोलोतला लेहरा, नगमा, हेच तर आहे. खाली तीच ओळ फिरत राहते, वर विस्तार चालतो.

पायपेटी

इतक्या वेळात सुचवलेल्यांपैकी ही तुलना सर्वात उपयोगी आहे, कारण ती ऐकायचे कसे ते शिकवते : खालची ओळ धरून ठेवा, मग वरचे कळेल. पण फरक एका उदाहरणात पाहू. पास्साकालियाचा एक नेहमीचा बास म्हणजे उतरते चार स्वर : सा, कोमल नी, कोमल ध, प. पहिल्या तिन्हींवर बसणारे कॉर्ड वेगवेगळे. पंचमावर आल्यावर जो कॉर्ड बसतो त्यात प, शुद्ध नी आणि रे असतात. म्हणजे बासमध्ये कोमल निषाद होऊन गेला आणि लगोलग वरच्या आवाजात शुद्ध निषाद आला; तो षड्जाकडे ओढ लावतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. नगम्याची ओळ वेळ मोजून देते, तबल्याला कोणता बोल घे हे सांगत नाही. हा बास मात्र वरच्या आवाजाला प्रत्येक पावलावर कोणते स्वर बसतील ते ठरवून देतो.

दुसरा फरक समेचा. नगम्यात समेवर येणे हाच आनंद. इथे रचनाकार फेऱ्याचा सांधा लपवायला धडपडतो, वरचे वाक्य पुढच्या फेऱ्यात ओढून नेतो. बाखच्या एकल व्हायोलिनच्या डी मायनर पार्तितातली शाकॉन (चाकोनाचेच फ्रेंच नाव) तीन मात्रांची आहे आणि दुसऱ्या मात्रेवरून सुरू होते. ती पहिल्या मात्रेवर आहे असे धरून वाजवली की पुढचे सगळे वाक्य एका मात्रेने सरकलेले ऐकू येते. त्याच्याच ऑर्गनच्या पास्साकालियात आठ मापांचा विषय आधी पायपट्ट्यांवर एकटा येतो, मग वीस फेरे. मध्ये तो विषय खालून सुटून वरच्या आवाजात जातो. नगमा असा जागा सोडत नाही.

चाकोना आणि पास्साकालिया यांत पक्की रेघ ओढायचा मात्र प्रयत्न करू नये. फ्रेस्कोबाल्डी १६३७ मध्ये एकाच रचनेत दोन्हींत ये-जा करतो, आणि फ्रान्स्वा कूपरॅनने १७२८ च्या व्हायोलच्या रचनेला शीर्षकच ‘पासाकाय किंवा शाकॉन’ दिले आहे.

तंतकार

‘पार्तिता’चाही खुलासा हवा. फ्रेस्कोबाल्डीकडे ‘पार्तिते’ म्हणजे एका चालीवरचे फेरे, बाखकडे नृत्यांची माळ. ‘नृत्यमाला’ हा शब्द बाखला चालेल, फ्रेस्कोबाल्डीला मुळीच नाही.

उच्चारांचे एवढेच ठरवू : रचना ज्या भाषेत छापली त्या भाषेचा उच्चार. म्हणून इटालियन चाकोना, फ्रेंच शाकॉन. कोर्रेन्ते आणि कूरांत हे नृत्यप्रकार तर वेगळेच ठेवले पाहिजेत. पहिले तीनाच्या लयीत पळते, दुसरे सावकाश असून सहा मात्रा कधी तीन-तीन, तर कधी दोन-दोन-दोन अशा मोडत लयीचा खेळ करते.

टिपणातली नोंद मग अशी करतो, बघा चालते का : ‘रेचेर्कार, ल्यूट, व्हेनिस १५०८. सूर लावून झाल्यावर वाजवायचा मोकळा तुकडा. विषय नाही, आवाजांचा पाठलाग नाही. ६ आवाजांचा रिचेर्कार, बाख, १७४७. प्रशियाच्या राजाने दिलेल्या एकाच विषयावर सहा आवाजांचे काउंटरपॉइंट.’

पायपेटी

चालते. दुसऱ्या नोंदीत ‘सहा आवाजांचे’च्या आधी ‘जुन्या कडक शैलीत’ हे शब्द घाला. राजाला भेट दिलेल्या बाखच्या त्याच ग्रंथात (‘म्युझिकल ऑफरिंग’) तीन आवाजांचाही रिचेर्कार आहे आणि तो बराच मोकळा आहे. दोन्ही एकाच कार्यक्रमात असतील तर श्रोत्याला हा फरक आधी कळलेला बरा.