सलूनमध्ये ब्लेड नवं, पण तुरटी सगळ्यांना तीच?

प्रश्न: नागपूरच्या बर्डीतल्या सलूनमध्ये ब्लेड दर वेळी नवं लावतात, पण वस्तऱ्याचा दांडा आणि तुरटी तीच. दांडा नुसता डेटॉलच्या पाण्यात बुचकळतात. धोका आहे का?

उत्तर: आहे. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो. ब्लेड अडकवायच्या खाचेतच रक्त साचतं. तुरटी तर थेट कापलेल्या जागेवर फिरते; घरचीच न्या.

उत्तर: भाऊ, डेटॉलच्या पाण्यात नुसतं बुचकळून भागत नाही. आधी दांडा साबणाने घासायचा, मग १ भाग लिक्विड ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, चेहऱ्याचं ब्लीच नव्हे) आणि ९ भाग पाणी यात १० मिनिटं बुडवायचा. द्रावण रोज ताजं. नंतर धुवून पुसायचं, नाहीतर दांडा गंजतो.

उत्तर: हिपॅटायटिस बीची लस घ्याच: पहिला डोस, मग त्यापासून १ आणि ६ महिन्यांनी. रक्तातूनच पसरणाऱ्या हिपॅटायटिस सीला लसच नाही. लस झाली नसेल आणि दुसऱ्यावर वापरलेल्या ब्लेडने कापलं, तर २४ तासांत मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठा.