अनुभव धागा : दूरचित्रवाणीवरचे राक्षस, त्यांचे नियम आणि त्या नियमांतल्या फटी

पेठकरीण
गेल्या गुरुवारी आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्याचे काम पाहायला मी दहा वर्षांच्या लेकीला घेऊन शेडमध्ये गेले होते. अर्धवट रंगवलेले चार द्वारपाल भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे डोळे अजून रंगवायचे राहिले होते, आणि गुरुवार, म्हणजे देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, असल्यामुळे वीज गेली. लेकीने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "आई, पापणी मिटू नकोस." मला तिला हसता आले नाही, कारण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा 'ब्लिंक' हा भाग तिला मीच दाखवला होता आणि तो पहिल्यांदा पाहिल्यावर मी स्वतः दोन रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपले होते.

२००७ सालच्या त्या भागात देवदूतांचे दगडी पुतळे आहेत. कोणी पाहत असेल तोवर ते निव्वळ दगड असतात. पापणी लवली की झेपावतात, आणि ज्याला स्पर्श करतील त्याला भूतकाळात ढकलून त्याच्या न जगलेल्या दिवसांवर पोट भरतात. आपल्या 'स्टॅच्यू'च्या खेळात आणि यात फरक एवढाच, की येथे 'ओव्हर' कधी म्हणायचे हे आपली पापणी ठरवते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले तर तेही कायमचे थिजतात, म्हणून ते डोळ्यांवर हात धरतात आणि रडत असल्यासारखे दिसतात.

माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो हे खरे, पण आधी डावा डोळा आणि मग उजवा असे आळीपाळीने मिटले तर पुतळा काय करणार, असे लेकीने मला शेडच्या दारातच विचारले. तुमच्याही वाट्याला असा एखादा राक्षस आला असेल, तर त्याचा नियम आणि तुम्हाला सापडलेली फट, दोन्ही लिहावे.

निवृत्त बाई
ताई, लेकीला माझी शाबासकी सांगा. नववीच्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकवताना एका मुलाने हाच भाग पाहून मला विचारले होते की नुसत्या पाहण्याने वस्तू थांबते का, आणि मी त्याला 'असले काही नसते' असे सांगून बसवले होते. घरी येऊन वाचले तेव्हा खजील झाले. बैद्यनाथ मिश्र आणि केरळात जन्मलेले जॉर्ज सुदर्शन यांनी १९७७ साली असे दाखवले होते, की एखाद्या पुंज (क्वांटम) प्रणालीचे, म्हणजे अणूसारख्या अतिसूक्ष्म गोष्टीचे, सतत मापन करत राहिले तर तिच्यातला बदल खोळंबतो. पुढे १९९० साली बेरिलियमच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित अणूंवर, तसा प्रयोगही झाला. दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली.

मात्र आयन वेगळा आणि पुतळा वेगळा. तेथे 'पाहणे' म्हणजे प्रकाशाशी किंवा उपकरणाशी होणारी गाठ असते, बघणाऱ्याला डोळे असण्याची गरज नसते. हवेचे रेणू, भिंतीवरची पाल, खिडकीतून येणारे ऊन हे सगळे त्या पुतळ्याला अखंड 'पाहत'च असतात, म्हणजे तो बिचारा जन्मभर हलूच शकणार नाही. शिवाय माणसाएवढा भरीव दगडी पुतळा पावणेदोनशे किलोंच्या आसपास भरेल. तो भरधाव येऊन एका क्षणात थांबतो तेव्हा त्या संवेगाचे होते काय? निदान खालची शहाबादी फरशी तरी फुटायला हवी.

तिसरा मजला
माझा राक्षस जुना आहे. काकांनी इंग्लंडहून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मी 'डॉक्टर हू'मधले डालेक हे धातूच्या कवचातले राक्षस पाहिले आणि त्यांच्या त्या चिरक्या, यंत्रातून आल्यासारख्या आवाजाची धास्ती घेतली. आम्ही वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असू आणि जिना लाकडी, अरुंद आणि इतका उभा होता की गॅसचे सिलिंडर वर आणणारा माणूस दर महिन्याला नवीन शिवी शिकवून जाई. आजोबांनी माझी समजूत घातली ती अशी, की खाली चाके असलेला हा रांजण आपला जिना चढणे शक्य नाही. त्या एका वाक्यावर मी अनेक वर्षे निर्धास्त झोपलो. पुढे १९८८ सालच्या भागात डालेक तरंगत जिना चढताना पाहिला, तेव्हा मी चांगला मोठा झालेलो असूनही आजोबांनी फसवल्यासारखे वाटले.

खरी फट मला फार उशिरा कळली. १९६३ साली डालेक पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा ते त्यांच्या शहराच्या धातूच्या जमिनीतून स्थितिक वीज घेऊन चालत, आणि अंगरख्यावर ओढून जमिनीशी संबंध तोडला की निकामी होत. म्हणजे जिन्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या वाड्याच्या शेणाने सारवलेल्या अंगणातच तो मुकाट उभा राहिला असता आणि कोणीतरी त्यावर गोधडी वाळत घातली असती.

कुकरची शिट्टी
गोधडीला शंभर गुण. माझा अनुभव मोठा आहे, पण तिसरी शिट्टी झालेली असल्यामुळे रात्री लिहीन.

लगदा
मी अठ्ठावीस वर्षे कागद कारखान्यात काढली आहेत, त्यामुळे माझी तक्रार तांत्रिक आहे, ती गोड मानून घ्यावी. याच मालिकेत २००८ साली वाश्टा नेराडा नावाचे प्राणी आले. ते सावलीसारखे दिसणारे सूक्ष्म जीवांचे थवे असतात आणि माणसाचा क्षणात सांगाडा करतात; आपल्याला एकाऐवजी दोन सावल्या दिसू लागल्या की समजावे, दुसरी आपली नव्हे. मी हा भाग नातवाबरोबर वीज गेलेली असताना लॅपटॉपवर पाहिला. टेबलावर दोन मेणबत्त्या होत्या, आणि दोन मेणबत्त्यांच्या उजेडात प्रत्येकाला दोन सावल्या पडतात हे आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आले. नातवाने काही न बोलता फुंकर घालून एक विझवली.

आता तक्रार. हे जीव ज्या जंगलात राहत, तेथील झाडे तोडून पुस्तकांचा कागद केला आणि त्यांचे बीजाणू पानांतून ग्रंथालयात पोहोचले, असे कथेत सांगितले आहे. लाकडाच्या चकत्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, सुमारे १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. त्यानंतर लगदा धुतात, विरंजन करतात, आणि कागद वाफेने तापलेल्या रुळांवरून वाळत जातो. लाकूड शिजवणाऱ्या त्या डायजेस्टरमधून जिवंत बाहेर पडेल असा बीजाणू मला कोणी दाखवला, तर मी त्याला स्वतः जेवायला घालीन. पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून, खळीतून किंवा कपाटाच्या लाकडातून आले असे लेखकाने म्हटले असते तर आमच्या खात्याची हरकत नव्हती. कसर तशीच येते.

पथ्यपाणी
लगदाकाका, तुमचे वाचून मलाही आहारतज्ज्ञ म्हणून हिशेब मांडावासा वाटला. 'एक्स फाइल्स' या अमेरिकी मालिकेत १९९३ साली यूजीन टूम्स नावाचा माणूस आला होता, जो अंग लांबवून वायुवीजनाच्या नळीतून घरात शिरे, पाच माणसांची यकृते खाई आणि तीस वर्षे झोपून जाई. वसतिगृहात असताना मी तो भाग पाहिला आणि पूर्ण सत्रभर न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावून अंघोळ केली.

माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते. प्राण्यांच्या यकृतावरून अंदाज केला तर एकातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतील, पाचांतून दहा हजार. नुसते पडून राहणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण पंधराशे लागतात, म्हणजे ही शिदोरी आठवडाभराची. तीस वर्षांवर ती पसरली तर दिवसाला एक कॅलरीसुद्धा येत नाही, शेंगदाण्याचा एक दाणा त्याहून जास्त देतो. अस्वल काही महिनेच झोपते, आणि त्यासाठीसुद्धा आधी अंगावर भरपूर चरबी चढवते. टूम्स मात्र सडपातळ होता. राहिली नळीची गोष्ट. ऑक्टोपस फटीतून जातो, कारण त्याच्या शरीरात चोचीशिवाय काही टणक नसते. नवजात बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात म्हणून ती थोडी दबते, मोठ्या माणसाची दबत नाही. हे सगळे पाठ असूनही नव्या घरात झरोक्याला मी जाळी बसवली आहे, डासांसाठी असे घरच्यांना सांगून.

लक्ष्मी रोड
२०१२ साली 'डॉक्टर हू'ने न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा देवदूत म्हणून शहरातून चालवला. चौथऱ्यासह ९३ मीटर उंची आणि कधी न झोपणारे शहर, म्हणजे तेथे एकही माणूस तिच्याकडे पाहत नव्हता असे मानायचे. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री अलका चौकातून कोणाचेही लक्ष न जाता हत्ती नेण्यासारखे हे आहे.

सूनबाई
मला 'डॉक्टर हू'मधल्या 'सायलेन्स' या प्राण्यांची भीती वाटते, पण आता वेगळ्या कारणाने. २०११ सालच्या त्या भागांत ते प्राणी समोर असेपर्यंतच आठवतात, नजर वळली की विस्मरण होते. म्हणून पात्रे दिसला की हातावर पेनाने रेघ मारतात. पाहिले तेव्हा मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

माझ्या सासूबाईंना गेली दोन वर्षे विस्मरणाचा आजार आहे. सकाळची गोळी घेतली की त्या स्वतःच्या मनगटावर बारीक फुली करतात, ही त्यांचीच कल्पना. काही दिवस ती चालली. आता त्या मला हात दाखवून विचारतात, "अगं, हे काय लागलंय माझ्या हाताला?" खूण राहते आणि खुणेचा अर्थ जातो, ही त्या कथेतली फट मला घरात सापडली. त्या पात्रांना रेघेचा अर्थ तेवढा कसा आठवत राहिला, याचे उत्तर मला पटलेले नाही.

लगदा
सूनबाई, माझ्या आईच्या वेळी आम्ही फुलीशेजारी 'गोळी' असे अक्षरांत लिहीत असू. वाचता येत होते तोवर उपयोग झाला. तुम्हीही एकदा करून पाहा.

सूनबाई
आज संध्याकाळपासूनच करते, काका. धन्यवाद.

कुकरची शिट्टी
माझा अनुभव टूम्सचाच होता, तोही झरोक्याचाच. पथ्यपाणी यांनी लिहिल्यामुळे माझे जाळीचे गुपित एकटीचे उरले नाही.

पेठकरीण
ताजी बातमी. काल कार्यकर्त्यांना चारही द्वारपाल एकमेकांकडे तोंड करून गोल उभे केलेले सापडले आणि हे कोणाचे काम यावरून बराच वाद झाला. 'ब्लिंक'च्या शेवटी देवदूतांना असेच अडकवतात, हे त्यांना मी कसे सांगणार?

निवृत्त बाई
ताई, पण वीज गेल्यावर अंधारात द्वारपालांना एकमेकांचे तोंड दिसणार कसे? शिवाय त्यांचे डोळे रंगवायचे आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे.

पेठकरीण
तुमचा प्रतिसाद लेकीने माझ्या खांद्यावरून वाचला. आज शाळेतून येताना ती परस्पर शेडमध्ये गेली आणि डोळे आधी रंगवावेत व गुरुवारसाठी इन्व्हर्टर बसवावा, अशी मागणी तिने मंडळाच्या अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.